एकेका कस्टमरची वेगळी मिनिमम कमिटमेंट बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कशी बसवायची: करारापासून रिन्यूअलपर्यंत

वापरावर बिल लावणाऱ्या कंपन्यांत, मग ती एपीआय (दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला जोडून वापरायची सोय) विकणारी असो, एसएमएस पाठवणारी असो की क्लाउड स्टोरेज देणारी, हे नेहमी होतं: सेल्सवाला मोठ्या कस्टमरशी डील करून येतो आणि बिलिंगवाल्याला एका ओळीचा मेसेज टाकतो, "वर्षाला 24 लाखाचं मिनिमम आहे, लावून टाक." बिलिंगवाला प्लॅन उघडतो, मिनिममचा रकाना शोधतो, 24 ला 12 ने भागतो, 2 लाख टाकतो आणि सेव्ह करतो. काम दोन मिनिटांत झालं असं वाटतं, पण पुढच्या महिन्यात त्याच प्लॅनवरच्या बाकीच्या सगळ्या कस्टमरना 2 लाखाची बिलं जातात, नाहीतर आठ महिन्यांनी हाच कस्टमर ईमेल करतो की तुम्ही आमच्याकडून जास्तीचे पैसे घेतलेत, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

सॉफ्टवेअर कुठलं का असेना, लागो, ऑर्ब, मेट्रोनोम, चार्जबी किंवा घरी बनवलेलं, चुका त्याच त्याच होतात. कारण सोपं आहे. लोक आकड्यापासून सुरुवात करतात आणि करार नंतर वाचतात. खालचा क्रम नेमका उलटा आहे. उदाहरण म्हणून पुण्यातली एक एपीआय कंपनी धरलीय, प्रति कॉल, म्हणजे एपीआयच्या दर वापरामागे, पैसे घेणारी. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

एवढंच आधी डोक्यात पक्कं करा. मंगल कार्यालयात 300 पानांचं ठरलं आणि 240 च जेवून उठली तरी पैसे 300 चे द्यावे लागतात, आणि 350 झाली तर 350 चे. मिनिमम कमिटमेंट तशीच. ती किमान रक्कम आहे, वरची मर्यादा नाही आणि वेगळी फीसुद्धा नाही. वापर कमी पडला तर जेवढा फरक तेवढीच एक जादा ओळ बिलात येते, तिला कोणी ट्रू-अप म्हणतं कोणी शॉर्टफॉल. वापर जास्त झाला तर ती ओळ येतच नाही.

टप्पा 1: करार उघडा आणि उत्तरांचा कागद बनवा

सॉफ्टवेअरला अजून हात लावू नका. सही झालेला करार किंवा ऑर्डर फॉर्म मागवा. सेल्सचा मेसेज, प्रपोजलची पीडीएफ, "कॉलवर बोलणं झालंय" यातलं काहीही चालणार नाही, कारण निगोशिएशनमध्ये शेवटच्या दिवशी बदललेली गोष्ट फक्त सही झालेल्या कागदावर असते. मग एका शीटमध्ये पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहा, आणि प्रत्येक उत्तरापुढे कराराचा कलम नंबर.

1. कमिटमेंट महिन्याची, तिमाहीची की वर्षाची?

सगळ्यात महाग चूक इथे होते. "वर्षाला 24 लाख" आणि "महिन्याला 2 लाख" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा कस्टमर आठ महिने 1,50,000 चा वापर करतो आणि सणासुदीच्या चार महिन्यांत 3,50,000 चा. वर्षाची बेरीज 12 लाख अधिक 14 लाख, म्हणजे 26 लाख. कमिटमेंट वर्षाची असेल तर ती ओलांडली, शॉर्टफॉल शून्य. तुम्ही महिन्याला 2 लाख टाकून बसला असाल तर आठ महिने प्रत्येकी 50,000 असे 4 लाख फुकटचे जास्त लावलेत.

2. कमिटमेंटमध्ये काय काय मोजायचं?

फक्त वापर, की दर महिन्याची प्लॅटफॉर्म फीसुद्धा? वन-टाइम सेटअप चार्ज? सपोर्टचे पैसे? आपल्या उदाहरणात महिन्याची कमिटमेंट 2,00,000 आहे, प्लॅटफॉर्म फी 20,000, आणि एका महिन्यात 95,000 कॉल 1.60 रुपयांनी झाले म्हणजे 1,52,000. फी धरली तर बेरीज 1,72,000, शॉर्टफॉल 28,000 आणि बिल 2,00,000. फी नाही धरली तर शॉर्टफॉल 48,000 आणि बिल 2,20,000. एका वाक्याच्या अर्थावरून महिन्याला 20,000 चा फरक, वर्षाचे 2,40,000.

3. डिस्काउंटच्या आधी तपासायचं की नंतर?

वापर 2,10,000 चा, त्यावर 10 टक्के सूट, राहिले 1,89,000. सूट देण्याआधी तपासलं तर कमिटमेंट पूर्ण झाली आणि बिल 1,89,000 चं. सूट दिल्यावर तपासलं तर 11,000 कमी पडले आणि बिल 2,00,000 चं. करारात बऱ्याचदा याबद्दल अक्षर नसतं. तसं असेल तर अंदाज लावू नका, अकाउंट मॅनेजरला सांगून कस्टमरकडून ईमेलवर लेखी घ्या.

4. फुकट क्रेडिट आणि एसएलए क्रेडिटचं काय?

सुरुवातीला प्रमोशन म्हणून दिलेले 50,000 चे क्रेडिट वापरले तर ते कमिटमेंटमध्ये धरायचे का? आणि सर्व्हिस बंद पडली म्हणून दिलेली भरपाई? दुसऱ्या प्रश्नावर भांडणं जास्त होतात, कारण सिस्टम तुमचीच पडली, म्हणून वापर कमी झाला, आणि वर शॉर्टफॉलही तुम्हीच लावताय असं कस्टमरला दिसतं, आणि त्याचं म्हणणं चूक नसतं.

5. सुरुवात आणि शेवट कुठल्या तारखेला, आणि कुठल्या टाइमझोनमध्ये?

सहीची तारीख, सर्व्हिस चालू झाल्याची तारीख आणि कमिटमेंट लागू होण्याची तारीख या तीन वेगळ्या असू शकतात. इंटिग्रेशनला दोन महिने लागणार म्हणून कमिटमेंट तिसऱ्या महिन्यापासून, असं पुष्कळ करारांत असतं.

6. रॅम्प आहे का, म्हणजे आकडा टप्प्याटप्प्याने वाढतो का?

7. कस्टमरने मध्येच बंद केलं तर उरलेल्या काळाचं काय?

8. उरलेला किंवा जास्तीचा वापर पुढच्या वर्षात नेता येतो का?

9. एकाच ग्रुपच्या दोन-तीन कंपन्या मिळून एक कमिटमेंट आहे का?

शेवटचे चार प्रश्न अर्ध्या करारांत येतच नाहीत, तरी शीटमध्ये "लागू नाही" असं लिहून ठेवा. रिकामी जागा ठेवली की सहा महिन्यांनी कळत नाही की तपासलं होतं की राहून गेलं होतं.

तपासा: शीटवर सेल्स आणि फायनान्स दोघांचं "ओके" आल्याशिवाय पुढे जाऊ नका. तोंडी ओके नको, शीटवरच कमेंट घ्या.

टप्पा 2: कमिटमेंट कुठल्या पातळीवर बसते ते ठरवा

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मिनिमम दोन-तीन जागी टाकता येतं आणि रकान्यांची नावं इतकी सारखी असतात की चुकीच्या जागी पडतं.

पहिली जागा म्हणजे एकेका चार्जचं मिनिमम. उदाहरणार्थ फक्त एसएमएसच्या ओळीसाठी किमान 50,000. दुसरी, पूर्ण सबस्क्रिप्शनचं मिनिमम, यात त्या सबस्क्रिप्शनच्या सगळ्या ओळींची बेरीज कमिटमेंटशी ताडली जाते. तिसरी, पूर्ण कस्टमरची किंवा कराराची, ज्यात अनेक सबस्क्रिप्शन एकत्र येतात. ही तिसरी सगळ्या टूल्समध्ये नसते.

करारात "एकूण खर्च" असा शब्द असेल आणि तुम्ही चार्जच्या पातळीवर टाकलं तर काय होतं बघा. एसएमएसला 1 लाख आणि एपीआयला 1 लाख असं वाटून टाकलं. कस्टमरने एपीआय 1,80,000 चं वापरलं आणि एसएमएस 30,000 चे. एकूण 2,10,000, कमिटमेंट पूर्ण. पण सॉफ्टवेअर एसएमएसवर 70,000 चा शॉर्टफॉल लावून 2,80,000 चं बिल काढणार. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, तुम्ही सांगितलं तेच त्याने केलं.

ग्रुप कंपन्या असतील तर अजून एक गुंता आहे, तो आधीच सोडवा. मुंबई आणि बंगळुरूच्या दोन कंपन्या, वेगळे जीएसटी नंबर, इनव्हॉइस वेगवेगळी, कमिटमेंट मात्र एक. शॉर्टफॉलची ओळ कुठल्या जीएसटी नंबरवर जाणार? सॉफ्टवेअर हे ठरवत नाही. करारात नसेल तर लेखी विचारा, आणि टूल दोन कस्टमरची बेरीज करू शकत नसेल तर सरळ मान्य करा की ही एक कमिटमेंट शीटमध्ये मोजून हाताने वन-ऑफ इनव्हॉइस काढावं लागेल. जुगाड करून दोन्हीकडे अर्धी अर्धी टाकू नका, एकाने जास्त वापरलं आणि दुसऱ्याने कमी की लगेच चुकीचं बिल.

थांबा: प्रीपेड क्रेडिट आणि मिनिमम कमिटमेंट एकच आहेत असं धरू नका. प्रीपेडमध्ये पैसे आधी येतात आणि वापराप्रमाणे कमी होत जातात. कमिटमेंटमध्ये वापराचं बिल नंतर येतं आणि शेवटी फरक लागतो. मेट्रोनोममध्ये तर प्रीपेड कमिट आणि पोस्टपेड कमिट असे सरळ दोन प्रकार आहेत, चुकीचा निवडला तर पूर्ण वर्षाचं बिल पहिल्याच दिवशी जाऊ शकतं. आणि एकाच कस्टमरला दोन्ही लावलं की त्याच्याकडून एकाच गोष्टीचे दोनदा पैसे.

टप्पा 3: मूळ प्लॅनला हात न लावता त्या कस्टमरपुरता बदल करा

इथे तीन रस्ते दिसतात. एक म्हणजे मूळ प्लॅनमध्येच मिनिमम टाकणं. हे कधीच नाही, सुरुवातीला सांगितलेला सगळ्यांना 2 लाखाचा घोळ यातूनच होतो.

दुसरा, प्लॅनची कॉपी करून "ग्रोथ प्लॅन, अमुक कस्टमर" असा नवीन प्लॅन बनवणं. चालतं, पाच-सात मोठे कस्टमर असतील तोवर. पुढे चाळीस प्लॅन होतात, नवीन फीचरचा चार्ज मूळ प्लॅनमध्ये जोडला की तो चाळीस जागी हाताने जोडायचा, त्यातला एखादा राहतो आणि कस्टमर ते फीचर वर्षभर फुकट वापरतो. प्लॅनप्रमाणे रेव्हेन्यूचा रिपोर्ट काढायला जा, तोही वाचण्यासारखा राहत नाही.

तिसरा, सबस्क्रिप्शनवर ओव्हरराइड. मूळ प्लॅन तसाच, फक्त या कस्टमरच्या सबस्क्रिप्शनवर दर आणि मिनिमम बदलायचं. तुमच्या टूलमध्ये ही सोय असेल तर हीच वापरा. लागोमध्ये सबस्क्रिप्शन बनवतानाच प्लॅनचे आकडे त्या कस्टमरपुरते ओव्हरराइड करता येतात, ऑर्बमध्येही कस्टमरप्रमाणे किमती आणि मिनिमम बदलण्याची सोय आहे.

क्रम असा ठेवा:

1. आधी कस्टमरचं रेकॉर्ड पूर्ण करा: कायदेशीर नाव, बिलिंग पत्ता, जीएसटी नंबर, करन्सी, टाइमझोन. करन्सी आणि टाइमझोन पहिलं इनव्हॉइस निघाल्यावर बदलणं खूप अवघड होतं, काही टूल्समध्ये जमतच नाही.
2. मग मूळ प्लॅन निवडा.
3. करारातले खास दर ओव्हरराइड करा. आपल्या उदाहरणात 2 रुपयांऐवजी 1.60.
4. सगळ्यात शेवटी मिनिमम.

दर आधी आणि मिनिमम नंतर, हा क्रम विनाकारण नाही. लोक मिनिमम टाकण्याच्या नादात दर बदलायला विसरतात. कस्टमर मोठा असल्याने त्याचा वापर 2 लाखाच्या वर जातो, ट्रू-अपची ओळ कधी येत नाही, त्यामुळे "मिनिमम नीट चाललंय" असं वाटत राहतं, आणि तो बिचारा प्रत्येक कॉलला 40 पैसे जास्त देत असतो. कमिटमेंट त्याने दिली ती त्या स्वस्त दरासाठीच.

तपासा: ओव्हरराइड केल्यावर मूळ प्लॅनमध्ये पुढे केलेले बदल या कस्टमरकडे जातात की नाही ते टूलच्या सेटिंगमध्ये बघा. काही ठिकाणी आपोआप जात नाहीत, काही ठिकाणी सेव्ह करताना विचारतात. जे असेल ते शीटमध्ये लिहून ठेवा.

टप्पा 4: आकडे आणि तारखा भरणं

रुपये की पैसे? स्क्रीनवर रकाना बहुतेक रुपयांत असतो, पण एपीआयने पाठवत असाल तर रक्कम बऱ्याचदा सर्वात लहान एककात, म्हणजे पैशांत लागते. 2,00,000 रुपये म्हणजे 2,00,00,000 पैसे. नुसतं 200000 पाठवलं तर मिनिमम 2,000 रुपयांचं होतं, आणि एवढी छोटी रक्कम कोणीही सहज ओलांडतो म्हणून एरर येत नाही, ट्रू-अप येत नाही, कोणालाच काही कळत नाही. उलटी चूक बरी, दोन कोटीचं बिल निघालं तर निदान कस्टमर लगेच फोन करतो.

रक्कम टॅक्स सोडून टाका. कमिटमेंट जवळजवळ नेहमी जीएसटी सोडून असते. करारात "सर्व करांसहित" असं लिहिलेलं सापडलं तर सेटअप थांबवा आणि फायनान्सला दाखवा.

टाइमझोन. बरीच सॉफ्टवेअर मुळात यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. 1 मे च्या पहाटे 3 वाजता झालेला कॉल यूटीसीमध्ये अजून 30 एप्रिलचाच असतो, म्हणजे एप्रिलच्या बिलात जातो. रोजच्या बिलात हे चालून जातं कारण इकडचं तिकडे होतं, पण कमिटमेंटच्या शेवटच्या दिवशी नाही. रात्री बॅच चालवणारा कस्टमर असेल, बँका आणि एनबीएफसी हमखास चालवतात, तर 1 एप्रिलच्या पहाटेचा मोठा वापर मागच्या वर्षात गेला की शॉर्टफॉलच बदलतो. कस्टमर किंवा ऑर्गनायझेशनच्या सेटिंगमध्ये एशिया/कोलकाता निवडा आणि एक टेस्ट इव्हेंट, म्हणजे वापराची एक नोंद, पाठवून खात्री करा.

महिन्याच्या मधून सुरुवात. कमिटमेंट 18 एप्रिलपासून असेल तर पहिल्या महिन्यात 13 दिवसच आहेत. प्रमाणात काढलं तर 2,00,000 गुणिले 13 भागिले 30, म्हणजे 86,667 च्या आसपास. काही टूल्स हे आपोआप करतात, काही पूर्ण 2 लाख लावतात. आणि करारात "पहिल्या महिन्यापासून पूर्ण" असंही असू शकतं. आधी करार काय म्हणतो ते बघा, मग टूल काय करतं ते, दोन्ही जुळत नसेल तर सुरुवात पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून ठेवून पहिल्या 13 दिवसांचं बिल वेगळं काढणं सगळ्यात सोपं पडतं. कॅलेंडर महिना आणि ॲनिव्हर्सरी महिना यातलं सेटिंगही इथेच बघून घ्या, 18 ते 17 असं बिल अकाउंट्सवाल्यांना अजिबात आवडत नाही.

रॅम्प. पहिले तीन महिने 1 लाख आणि पुढे 2 लाख, असं सेल्सने सांगितलं आणि करारात एकूण 24 लाख लिहिलंय. बेरीज करून बघा: 3 लाख अधिक 18 लाख म्हणजे 21 लाखच झाले. एकूण 24 हवे असतील तर पुढचे नऊ महिने 2,33,333 येतात आणि राउंडिंगचे उरलेले 3 रुपये शेवटच्या महिन्यात, 2,33,336. रॅम्प टाकण्याआधी बेरीज करायला अर्धा मिनिट लागतो, कोणी करत नाही.

टूलमध्ये रॅम्पची सोय नसेल तर प्रत्येक टप्प्यासाठी पुढच्या तारखेचं वेगळं सबस्क्रिप्शन आधीच शेड्यूल करून ठेवा. "जुलैमध्ये आठवणीने बदलू" असं म्हणू नका, जुलैमध्ये कोणालाही आठवत नाही.

वर्षाची कमिटमेंट, महिन्याचं बिल. हे सगळ्यात जास्त लागणारं कॉम्बिनेशन आहे आणि त्यासाठी प्लॅन वर्षाचा ठेवून वापराचे चार्ज मात्र दर महिन्याला बिल करायचं सेटिंग शोधावं लागतं. ट्रू-अप फक्त वर्षाच्या शेवटी आला पाहिजे. टूलमध्ये असं काही नसेल तर महिन्याचा प्लॅन मिनिममशिवाय ठेवा आणि वर्षाअखेरीस फरकाचं वन-ऑफ इनव्हॉइस काढा, कॅलेंडरमध्ये दोन माणसांच्या नावाने रिमाइंडर टाकून. दिसायला गावठी वाटतं पण 12 ने भागून चुकीची बिलं पाठवण्यापेक्षा कितीतरी बरं.

टप्पा 5: इनव्हॉइसवर ट्रू-अपची ओळ कशी दिसेल

ओळीचं नाव टूलचं डीफॉल्ट ठेवू नका. "मिनिमम कमिटमेंट ट्रू-अप" एवढंच वाचून कस्टमरच्या अकाउंट्समधल्या माणसाला काही कळत नाही, तो पेमेंट अडवतो. नावात कालावधी आणि कराराचा नंबर घाला.

"पेनल्टी" किंवा "दंड" हा शब्द चुकूनही नको. करार मोडल्याची भरपाई आणि दंड यांवर जीएसटी लागतो की नाही हा वेगळाच वादाचा विषय आहे, त्यावर 3 ऑगस्ट 2022 चं 178 नंबरचं सर्क्युलर आहे. तुमची ओळ सर्व्हिसची ठरलेली किमान किंमत आहे, तर तसंच लिहा, आणि त्यावर मूळ सर्व्हिसचाच एसएसी कोड (जीएसटीतला सर्व्हिसचा वर्गीकरण नंबर) आणि तोच टॅक्स लावा. आयटी सर्व्हिसवर साधारण 18 टक्के. बऱ्याच टूल्समध्ये ट्रू-अपच्या ओळीला टॅक्स कोड वेगळा जोडावा लागतो, नाही जोडला तर ती ओळ शून्य टॅक्सने निघते. तुमच्या करारातली भाषा जरा वेगळी असेल तर सीएला एकदा दाखवून घ्या.

डॉलरमध्ये बिल घेणाऱ्या परदेशी कस्टमरला एलयूटीवर (जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) झिरो टॅक्स लावत असाल तर ट्रू-अपच्या ओळीलाही तेच. आणि कमिटमेंट डॉलरमध्येच टाका, रुपयांत रूपांतर करून नाही, नाहीतर दर महिन्याला रेट बदलला की मिनिममही हलतं.

वर्षाची कमिटमेंट 31 मार्चला संपत असेल तर ट्रू-अपचं इनव्हॉइस टूल 1 एप्रिलच्या तारखेने काढेल. म्हणजे नवीन आर्थिक वर्षाची नंबर सिरीज, एप्रिलचं रिटर्न, पण कमाई मार्चची. अकाउंट्सला मार्चमध्येच सांगून ठेवा.

टप्पा 6: इनव्हॉइस लगेच फायनल होऊ देऊ नका

वापराचे इव्हेंट उशिरा येतात. सर्व्हर अडकला, रांग तुंबली, दुसऱ्या सिस्टमची फाइल दोन दिवसांनी आली. साध्या बिलात उशिरा आलेला वापर पुढच्या महिन्यात गेला तरी पैसे तेवढेच. कमिटमेंटमध्ये मात्र कस्टमरचं दुहेरी नुकसान होतं: एप्रिलचा 40,000 चा वापर उशिरा आला म्हणून एप्रिलला 40,000 शॉर्टफॉल लागला, आणि तोच वापर मे मध्ये मोजला गेला. मे मध्ये तो आधीच मिनिममच्या वर असेल तर 40,000 दोनदा.

म्हणून ड्राफ्ट किंवा ग्रेस पीरियडचं सेटिंग चालू करा, तुमचा सगळ्यात उशिरा येणारा इव्हेंट जितके दिवस घेतो त्याहून एक दिवस जास्त. ई-इनव्हॉइसिंग लागू असेल, म्हणजे उलाढाल 5 कोटींच्या वर असेल, तर हे आणखी महत्त्वाचं, कारण आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसचा नोंदणी नंबर, मिळाल्यावर पोर्टलवर ते 24 तासांतच रद्द करता येतं आणि दुरुस्त तर करताच येत नाही. त्यानंतर क्रेडिट नोट, आणि तिच्यासाठीही आर्थिक वर्ष संपल्यावर 30 नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्न, जे आधी येईल तिथवरच मुदत.

टप्पा 7: सँडबॉक्समध्ये (टूलच्या चाचणीच्या जागेत) ही सहा बिलं काढून बघा

प्रत्येक केसचं उत्तर आधी कॅल्क्युलेटरवर काढून शीटमध्ये लिहा, मग टूलचं बिल बघा. टूलचा आकडा आधी बघितला की तो बरोबरच वाटायला लागतो.

1. वापर शून्य. पूर्ण मिनिममचं बिल यायला पाहिजे. काही सेटिंगमध्ये वापर नसेल तर इनव्हॉइसच निघत नाही, ते इथे पकडलं जातं.
2. वापर मिनिममपेक्षा एक रुपया कमी. ट्रू-अप एक रुपया.
3. वापर बरोबर मिनिममइतका. ट्रू-अपची ओळ नको, शून्याची ओळसुद्धा नको.
4. वापर जास्त. ओळ नको, आणि मिनिममच्या वरच्या वापराला करारातलाच दर लागला पाहिजे.
5. सूट आणि फुकट क्रेडिट दोन्ही लावून.
6. महिन्याच्या मध्ये सुरुवात आणि मुदतीआधी बंद.

सहाव्या केसला वेळ द्या. सबस्क्रिप्शन टर्मिनेट केल्यावर शेवटच्या बिलात टूल काय करतं, उरलेल्या पूर्ण काळाची कमिटमेंट लावतं, त्या दिवसापर्यंतची प्रमाणात लावतं, की काहीच नाही? तुमच्या करारात जे आहे तेच नेमकं टूल करेल अशी आशा ठेवू नका. जुळत नसेल तर शीटमध्ये लाल रंगात लिहा: "बंद करताना आधी फायनान्सला सांगा, शेवटचं बिल हाताने."

टप्पा 8: चालू करणं आणि पहिली दोन बिलं

लाइव्ह केल्यावर पहिलं बिल आपोआप पाठवू नका. ड्राफ्ट उघडा, टप्पा 1 ची शीट शेजारी ठेवा, ओळ ओळ ताडून बघा. दुसरं बिलही तसंच, कारण पहिल्या महिन्यात प्रोरेशन, म्हणजे दिवसांच्या प्रमाणात बिल, असतं आणि खरा पूर्ण महिना दुसऱ्यांदाच दिसतो.

पेमेंटचं थोडं. कार्डवर ऑटो-डेबिट असेल तर आरबीआयच्या ई-मँडेट नियमात 15,000 रुपयांच्या वरच्या रकमेला कस्टमरने दर वेळी ओटीपी द्यावा लागतो, त्यामुळे लाखाचा ट्रू-अप गुपचूप कापला जाईल हे विसरा. अशा कस्टमरला एनईएफटी नाहीतर पेमेंट लिंक. आणि कस्टमर टीडीएस कापून पैसे देतो तेव्हा खात्यात कमी रक्कम येते, तो कमिटमेंटचा शॉर्टफॉल नाही. कमिटमेंट नेहमी बिल केलेल्या रकमेशी ताडायची, मिळालेल्या रकमेशी नाही. ऐकायला बाळबोध वाटेल, पण पेमेंट शीटवरून ट्रू-अप काढणारे लोक आहेत.

वर्षाची कमिटमेंट असेल तर कस्टमरला मध्येच कळवत राहा. तिमाहीला एक साधा ईमेल पुरतो: ठरले किती, वापरले किती, उरले किती, दिवस किती. अलर्टची सोय असेल तर लावून टाका. मार्चमध्ये अचानक 9 लाखाचं शॉर्टफॉल बिल गेलं की ते बिल वसूल होत नाही आणि रिन्यूअलही जातं. डिसेंबरमध्येच कळलं असतं तर कस्टमरने दुसऱ्या टीमचं काम तुमच्याकडे वळवलं असतं.

टप्पा 9: मध्येच बदल आणि रिन्यूअल

कस्टमर म्हणतो मिनिमम कमी करा, सेल्स हो म्हणतं. चालू महिन्यातला आकडा थेट एडिट करू नका, बऱ्याच टूल्समध्ये तो महिन्याच्या सुरुवातीपासून लागू होतो. करारातली दुरुस्ती लेखी येऊ द्या, पुढच्या कालावधीपासून नवीन आकडा शेड्यूल करा, आणि वर्षाची कमिटमेंट असेल तर आतापर्यंतचा वापर नवीन आकड्यात धरायचा की मीटर शून्यावर आणायचं हे त्या दुरुस्तीत लिहिलंय का ते बघा. सबस्क्रिप्शन बंद करून नवीन उघडलं की मीटर आपोआप शून्यावर जातं, आणि जुन्यावर ट्रू-अपही निघू शकतो, जो कोणालाच नको होता.

टियरचे दर असतील तर तेही तपासा: पहिले 10 लाख कॉल एका दराने आणि पुढचे स्वस्त, असं असेल तर नवीन सबस्क्रिप्शनवर मोजणी पुन्हा पहिल्यापासून होते आणि कस्टमरला परत महाग दर लागतो.

रिन्यूअलच्या 60 दिवस आधीची रिमाइंडर बिलिंगवाल्याच्याच कॅलेंडरमध्ये हवी, सेल्सच्या नाही. ओव्हरराइडला शेवटची तारीख टाकता येत असेल तर टाका. नाही टाकली तर करार संपल्यावरही सॉफ्टवेअर मिनिमम लावत राहतं, आणि करार नसताना लावलेला शॉर्टफॉल कुठल्याही कस्टमरच्या लीगलसमोर टिकत नाही, क्रेडिट नोटच काढावी लागते.